फलटणच्या मॅक्सीनमावशी आणि आपली बोली

१९६१ म्हटलं की आपल्याला गोवामुक्ती आठवते. त्याच वर्षी मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन तरुणी हैदराबादला इंग्रजी शिकवायला आली आणि पुढे सातारा जिल्ह्यातल्या फलटणची झाली. पेडणे-डिचोलीचा इतिहास लिहिताना फलटण कशाला, असं कुणी विचारील. पण बाईंनी हाती घेतलेला प्रश्न आपल्याच घरातला आहे.

१९६६ मध्ये त्या संशोधनासाठी फलटणला आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, फलटणचं बोलणं. गाव एकच, पण जात, शिक्षण, वस्ती बदलली की बोलणं बदलतं. ज्याला आपण सहज 'अशुद्ध' म्हणतो त्यालाही नियम असतात, हे भाषाशास्त्र सांगतं. बाईंनी ते गावात राहून तपासलं. फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला (१९७५). एलिनॉर झेलियट यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरचा लेखसंग्रह संपादित केला (१९८८).

प्रबंध झाला, पदवी मिळाली, तरी बाई फलटणलाच राहिल्या. १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना त्या लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. त्यातूनच प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा. शाळेला जिचं नाव दिलं तीही जन्माने अमेरिकन. एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाली आणि भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण तिनेच सुरू केलं.

आता आपल्याकडे या. मुक्तीनंतर पेडणे-डिचोलीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. घरी 'खंय', पुस्तकात 'कोठे'. घरी 'कित्याक', पुस्तकात 'का'. दशावतार आणि कीर्तनामुळे मराठी परकी नव्हती, पण पाटीवरचं पहिलं अक्षर मात्र बोलीपासून लांबच पडायचं. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण पुष्कळ भांडलो. त्या पहिलीतल्या पोराला काय वाटलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ती पोरं आज साठीत आहेत, आणि त्यांच्या शिक्षकांपैकी थोडेच उरलेत. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या वाड्यावर जाऊन एवढं तरी टिपून ठेवावं: शाळेत पहिल्या दिवशी कुठला शब्द अडला, आणि तो कुणी समजावला?