मिरगाचं नवं साल

पाडव्याच्या सकाळी माढ्यात फोन वाजायला लागतो. 'पाडव्याच्या शुभेच्छा'. अक्कलकोटच्या मित्राचं 'युगादि हब्बद शुभाशयगळु', सोलापूरच्या तेलुगू मैत्रिणीचं 'उगादि शुभाकांक्षलु'. तिथी एकच, चैत्र शुद्ध प्रतिपदा. कडुलिंबही तोच. गुजराती दुकानदाराचं 'साल मुबारक' मात्र दिवाळीच्या पाडव्याला येतं. गंमत म्हणजे त्यातलं साल फारसी आणि मुबारक अरबी.

हसू नका. आपल्या जुन्या मोडी कागदांत शकाच्या जोडीला सुहूर सन असायचा, आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. १६७४-७५ म्हणजे 'खमस सबैन व अलफ': पाच, सत्तर आणि हजार, म्हणून १०७५. त्याच १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक शक सुरू झाला, तरी पुढे पेशव्यांचे कारकून हे अरबी आकडे लिहीतच राहिले. सवय म्हणा, पण मला कारण शेतात दिसतं. सुहूर सन बदलायचा सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, ऐन पेरणीच्या तोंडावर. वसुलीचा हिशोब तिथूनच धरणं सोयीचं.

त्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा कुणी देत नाही. पण जून उजाडला की माढ्यात पारावर पहिला प्रश्न असतो, "मिरग निघाला का?"