बॉम्बे रक्तगट: डॉ. भेंडे यांचं संशोधन

डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत तीन माणसांचं रक्त असं सापडलं, की त्याला ओ गटाचं रक्तसुद्धा जुळेना. इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह त्यांचा शोधनिबंध १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे गटाला 'बॉम्बे' नाव पडलं. शहराचं नाव बदललं, गटाचं नाही.

तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा पदार्थ असतो. ए आणि बी त्याच्यापासूनच बनतात. ओ गटात नुसता एच असतो. बॉम्बे गटात तोही नाही, उलट रक्तात एचविरोधी प्रतिपिंडं असतात. म्हणून ओ रक्त चढवलं तर चढवलेल्या पेशी फुटतात, जिवावर बेततं. गोची अशी, की नेहमीच्या वरवरच्या तपासणीत हा गट 'ओ'च दिसतो. रुग्णाचं सीरम ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहिलं, की त्या एकमेकींना चिकटतात आणि शंका येते.

हा आजार नव्हे, वारसा आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो जनुक आला तरच गट उतरतो. त्यामुळे नात्यातल्या लग्नांत, म्हणजे आपल्याकडच्या मामा-आत्याच्या सोयरिकींतही, शक्यता वाढते. भारतात प्रमाण साधारण १०,००० माणसांत एक. सख्ख्या भावंडांत मात्र किमान चारात एक, म्हणून रक्त लागलं की आधी त्यांचीच तपासणी करतात.