विजेता संघ, पण वारस नाही : महिंद्रा युनायटेड आणि कूपरेज मैदान

१/
२००६ साली मुंबईचा एक फुटबॉल संघ राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. २०१० साली तो संघ उरलाच नाही. मधल्या चार वर्षांत तो खालच्या श्रेणीत ढकलला गेला नव्हता. उलट चषक जिंकत होता. मग महिंद्रा युनायटेड संपला कसा? आणि तो ज्या कूपरेजवर खेळला, ते मैदान मात्र कसे टिकले? त्याचा हा धागा. 🧵

२/
आधी मैदान. दक्षिण मुंबईत, ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, महर्षी कर्वे मार्गालगत कूपरेज आहे. इंग्रजीत ‘कूपर’ म्हणजे लाकडी पिंपे घडवणारा कारागीर आणि त्याचा कारखाना म्हणजे ‘कूपरेज’. नागपूरच्या लकडगंजला जसे लाकडाच्या बाजाराने नाव दिले, तसेच या जागेला पिंपांच्या कारखान्याने दिले. पिंपे गेली, नाव उरले आणि त्या नावाखाली फुटबॉल रुजला.

३/
मुंबईच्या फुटबॉलचा कणा म्हणजे रोव्हर्स चषक. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. ड्युरँड चषक (१८८८) आणि आयएफए शील्ड (१८९३) यांच्या बरोबरीने ती देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. पुढची अनेक दशके हा चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती फिरत राहिला.

४/
ही मक्तेदारी १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने मोडली. १९४० साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने चषक नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने तो कोणाच्या हाती लागू दिला नाही. मुंबईकरांनी भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ पाहिला तो या स्पर्धेत, आणि दीर्घकाळ या स्पर्धेचे घर होते कूपरेज.

५/
स्पर्धा मुंबईची असली, तरी मुंबईचे स्वतःचे संघ वेगळ्या मातीचे होते. कोलकात्यात मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) हे सभासदांचे क्लब वाढले. मुंबईत मात्र संघ उभे राहिले ते गिरण्या, कंपन्या, बँका आणि सरकारी खाती यांच्या आश्रयाने. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया ही नावे आधी उद्योगांची होती, नंतर फुटबॉल संघांची झाली.

६/
याच परंपरेत १९६२ साली महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ जन्माला आला. कंपनीची ओळख जीप गाड्यांची. त्यामुळे खेळाडूंना ‘जीपमेन’ हे टोपणनाव चिकटले. हारवूड लीगसारख्या स्थानिक स्पर्धांतून असे कंपनी संघ एकमेकांशी भिडत असत.

७/
या व्यवस्थेला हसण्याचे कारण नाही. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, महिन्याचा पगार मिळे, आणि गुडघा कायमचा दुखावला तरी घरची चूल विझत नसे. फुटबॉलवर पोट भरणे अशक्य असलेल्या काळात कामगार वस्तीतल्या मुलाला याहून भक्कम आधार नव्हता. पण या आधाराला एकच खांब होता : कंपनीची इच्छा.

८/
१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळाचे गणित बदलले. आता देशभर प्रवास, पूर्णवेळ करार, परदेशी खेळाडू आणि परदेशी प्रशिक्षक आले. कचेरी सांभाळून सरावाला येणारा कर्मचारी खेळाडू मागे पडू लागला. अनेक कंपन्यांनी अंग काढून घेतले. महिंद्रने मात्र उडी घेतली. १९९८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला आणि २००० साली संघाचे नामकरण झाले : महिंद्रा युनायटेड.

९/
मग यशाची रांगच लागली. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक. २००५-०६ हा हंगाम तर शिखराचा : डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग, दोन्ही एकाच हंगामात. संघात घानाचा युसिफ याकुबू होता, ब्राझीलचा होजे बारेटो होता, आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला स्टीवन डायसही होता.

१०/
या विजेतेपदाचे मोल आकड्यांत पाहावे. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे एकूण ११ हंगाम झाले. ६ विजेतेपदे कोलकात्याला, ३ गोव्याला, १ पंजाबला. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते एकच, महिंद्रा युनायटेडचे. त्यानंतर देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये मुंबईचा संघ विजेता होण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. तो संघ मुंबई सिटी.

११/
शिखरानंतर घसरण झाली असेही नाही. २००६ आणि २००८ मध्ये आयएफए शील्ड, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. २००७ मध्ये संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आणि २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले : २००९-१० हा संघाचा अखेरचा हंगाम, यापुढे लक्ष शालेय फुटबॉलवर. ४८ वर्षांचा प्रवास एका निर्णयाने थांबला.

१२/
कारणांचा विचार करताना तो काळ लक्षात घ्यावा लागतो. व्यावसायिक संघाचा खर्च वाढत होता, तिकीटविक्री आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न मात्र तुटपुंजे. राष्ट्रीय महासंघाचा झी स्पोर्ट्सशी २००६ मध्ये झालेला दहा वर्षांचा करार २०१० मध्येच मोडला. त्याच वर्षी डिसेंबरात आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा करार झाला. तोवर महिंद्रा युनायटेड इतिहासजमा झाला होता. पुढच्याच वर्षी पंजाबचा जेसीटी, म्हणजे पहिल्या लीगचा विजेता, हाही बंद झाला.

१३/
तरीही पैसा हे अर्धेच उत्तर आहे. पैशाची चणचण कोलकात्याच्या क्लबांनाही होती. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीकेशी जोडला गेला आणि त्याच्या नावापुढे ‘एटीके’ लागले. समर्थक रस्त्यावर उतरले, निषेध करत राहिले. २०२३ मध्ये ते नाव हटले. मालक बदलला, तरी क्लबावर हक्क सांगणारे लोक होते. महिंद्रा युनायटेडला चाहते होते, पण हक्क सांगू शकणारे सभासद नव्हते.

१४/
पुढच्या दशकाने हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवला. पुणे एफसी : २००७ मध्ये जन्म, २०१४-१५ अखेरचा लीग हंगाम. भारत एफसी : एकच हंगाम. मुंबई एफसी : २००७ मध्ये जन्म, २०१७ मध्ये पदावनती आणि विसर्जन. एफसी पुणे सिटी : २०१४ ते २०१९. संघ निरनिराळे, मालक निरनिराळे, शेवट एकसारखाच.

१५/
आणि कूपरेज? रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर थांबला. पुढे मैदानाच्या नूतनीकरणाच्या काळात मुंबईच्या संघांना ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ आली. आज तेथे सुमारे ५,००० प्रेक्षक बसू शकतात. पण मैदान राहिले, कारण त्याचा कारभार एका कंपनीकडे नव्हता. तो वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच ‘विफा’ या संघटनेकडे होता. संघ येत-जात राहिले, संघटना राहिली.

१६/
माणसेही राहिली. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेल्या खालिद जमील यांनी पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळले. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल संघाला त्यांनी आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. क्लब बुडाला, तरी त्याने घडवलेले फुटबॉल बुडाले नाही.

१७/
क्लब मरतो तो पराभवाने, असे समजणे स्वाभाविक आहे. महिंद्रा युनायटेडचा इतिहास वेगळे सांगतो : एका सहीवर उभा असलेला संघ दुसऱ्या सहीने मिटतो, कपाटात कितीही चषक असोत. गावातल्या एखाद्या जुन्या संघाकडे चषक नसेल, पण वर्गणीची वही असेल आणि त्या वहीत शंभर नावे असतील, तर तो राष्ट्रीय विजेत्याहून अधिक काळ जगू शकतो. क्लबाचा इतिहास शोधणाऱ्याने म्हणून चषकांच्या कपाटाआधी ती वही उघडून पाहावी.