कापरेकर संख्याक्रम

कापरेकर संख्याक्रम : पूर्णांकाच्या अंकांवर एकच साधी अंकगणितीय कृती पुनःपुन्हा केल्याने मिळणारे संख्यांचे क्रम. महाराष्ट्रातील शालेय शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. मुंबई विद्यापीठाची पदवी १९२९ मध्ये मिळविल्यावर १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ मधील आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावे आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. बाकीवर हीच कृती करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते व पुढे तीच कायम राहते. उदा., १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ हा क्रम मिळतो. अंक उतरत्या क्रमाने प, फ, ब, भ असल्यास बाकी ९९९(प – भ) + ९०(फ – ब) इतकी असते. म्हणजे ती केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. या फरकांच्या ५४ जोड्या तपासल्या की सिद्धता पुरी होते. तीन अंकी संख्यांसाठी हा अचलांक ४९५ आहे. पाच अंकी संख्यांत मात्र अचलांक मिळत नाही. क्रम आवर्तनात फिरत राहतो.

दुसऱ्या प्रकारात संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवितात. उदा., २० पासून २२, २६, ३४, ४१, ४६ इत्यादी. येथे २० ही २२ ची जनक होय. १०१ या संख्येचे ९१ व १०० असे दोन जनक आहेत. तर २० ला एकही जनक नाही. अशा जनकहीन संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू संख्या’ असे नाव दिले. १०० पर्यंत त्या १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ व ९७.

भारतातील अनेक गणितज्ञांनी हे संशोधन क्षुल्लक मानले. त्यामुळे कापरेकरांना आपल्या बऱ्याच पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रकाशित कराव्या लागल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात या कार्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर माहीत झाले. स्वयंभू संख्यांचा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिला नाही. सर्व पूर्णांकांमध्ये त्यांची घनता शून्याहून अधिक असल्याचे इटालियन गणितज्ञ उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये, कापरेकरांच्या हयातीतच, सिद्ध केले.