मांडू : वाहतूक, सायकल व वाहनतळ
मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या विंध्य पठारावरचे दुर्गनगर, मराठीत मांडवगड. धारहून सु. ३५ किमी. घाटरस्ता आलमगीर दरवाजावरून गडावर येतो. जुन्या कमानी अरुंद असल्याने समोरासमोरच्या मोठ्या वाहनांपैकी एकाला थांबावेच लागते. पावसाळ्यात धुके, निसरडे रस्ते आणि सुटीच्या दिवशी इंदूरकडून येणाऱ्या मोटारींची गर्दी यांमुळे धोका वाढतो. १९५८ च्या स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मी. पर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असल्याने वाहनतळाला मर्यादा पडतात. जामी मशीद ते रूपमती मंडप हे अंतर भाड्याच्या सायकलीने सहज कापता येते. वारसा जपायचा, तर सायकलस्वार व पादचाऱ्यांना अग्रक्रम हवा.