बोस्टन सेल्टिक्सचे दोन निर्णय आणि पश्चातबुद्धीचा सापळा

संघातले तारे म्हातारे झाले की त्यांना ठेवायचं की सोडायचं? अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक मोठ्या संघापुढे येतो. त्यावर बोस्टन सेल्टिक्सचं उदाहरण हमखास दिलं जातं. 1980 च्या दशकात रेड आवरबॅक भावनेत अडकले, म्हणून संघ बुडाला. 2013 मध्ये डॅनी एंज कठोर झाले, म्हणून संघ तरला. गोष्ट फारच सुबक आहे. संशोधकाने अशा गोष्टीकडे जरा संशयानेच बघायला हवं.

आधी घटना बघू. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश या त्रिकुटाने 1981, 1984 आणि 1986 ची विजेतेपदं जिंकली. 1988-89 च्या हंगामात दोन्ही टाचांच्या शस्त्रक्रियेमुळे बर्ड फक्त 6 सामने खेळला. तो 1992 ला आणि मॅकहेल 1993 ला निवृत्त झाला. 1994 ला पॅरिश दुसऱ्या संघात गेला. 1996-97 मध्ये सेल्टिक्सनी 82 पैकी फक्त 15 सामने जिंकले.

मग आवरबॅक चुकले? याचा पुरावा म्हणून एक आठवण सांगतात. नाताळच्या एका पार्टीत एंज यांनी, तेव्हा ते संघातलेच खेळाडू होते, आवरबॅकना सुचवलं होतं की या म्हाताऱ्यांना आत्ताच देऊन टाका. ही आठवण खुद्द एंज यांनीच बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण साक्षीदार कोण आहे बघा: पुढे त्याच संघाचा कारभार हाती आलेला आणि तोच निर्णय घ्यावा लागलेला माणूस. आठवण कधी आणि कुठल्या खुर्चीत बसून सांगितली, हे नोंदवल्याशिवाय ती वापरायची नाही.

आता या गोष्टीत न बसणारे तपशील. आवरबॅक यांनी पुढचा विचार केला होता. 1984 मध्ये त्यांनी जेराल्ड हेंडरसनला सिएटलला देऊन त्या संघाचा 1986 चा ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, हक्क मिळवला. सिएटल घसरलं आणि विजेत्या सेल्टिक्सना चक्क दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यांनी लेन बायसला निवडलं. दोनच दिवसांनी कोकेनमुळे त्याचा मृत्यू झाला. 1987 ला निवडलेला रेजी लुईस संघाचा नवा आधार झाला. जुलै 1993 मध्ये तोही वयाच्या 27 व्या वर्षी गेला. म्हणजे वारस ठरले होते, ते जगले नाहीत.

दुसरा तपशील करारांचा. 1984-85 पासून लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पण स्वतःचाच खेळाडू पुन्हा करारबद्ध करताना ती ओलांडायची मुभा होती. या सवलतीला आजही बर्डचंच नाव आहे. संघ आधीच मर्यादेच्या वर असेल, तर जुन्या ताऱ्याला सोडून तेवढ्याच पैशात बाहेरून दुसरा आणता येत नसे. त्यामुळे आपल्याला जी निष्ठा दिसते, तिच्यात नियमाचाही वाटा असतो.

आता 2013. एंज यांनी 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि 35 वर्षांचा पॉल पियर्स ब्रुकलिनला दिले. गार्नेटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येणार नाही असं कलम होतं, म्हणजे त्याने होकार दिला म्हणून हे घडलं. बदल्यात ब्रुकलिनच्या 2014, 2016 आणि 2018 च्या पहिल्या फेरीच्या निवडी मिळाल्या, शिवाय 2017 ला निवडींची अदलाबदल करायचा हक्क. 2014 ची निवड 17 व्या क्रमांकाची निघाली, म्हणजे बेताचीच. मग ब्रुकलिन कोसळलं. त्यातून 2016 ला जेलन ब्राउन आला, 2017 ला जेसन टेटम, आणि 2024 ला विजेतेपद. व्यवहार झाला तेव्हा ब्राउन 16 वर्षांचा होता आणि टेटम 15 वर्षांचा. त्यांच्यासाठी हा सौदा केला असं कोण म्हणेल?

नीट बघितलं तर 1984 ला आवरबॅक यांनी आणि 2013 ला एंज यांनी एकच डाव टाकला: दुसऱ्याच्या घसरणीवर पैज. दोघांचीही पैज लागली. एकाचा खेळाडू दोन दिवसांत गेला, एवढाच काय तो फरक. एंज यांनी तारे दिले आणि आवरबॅक यांनी ठेवले हे खरंच, पण निकालातला सगळा फरक त्यावर ढकलता येत नाही.

तुमचा विषय सहकारी साखर कारखान्याचा असो की एखाद्या संस्थानाचा, कुठल्याही निर्णयासाठी वहीत तीन रकाने पाडा: त्या दिवशी काय माहीत होतं, नियमाने काय करता येत होतं, आणि नंतर काय घडलं. तिसरा रकाना आधी भरला, की पहिले दोन आपोआप त्याच्या सोयीचे भरले जातात.