उन्हाळी हवामान अंदाज आणि ढगांची ओळख : सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी

मार्च ते मे या काळात सोलापुरात सकाळी आभाळ निरभ्र असते, दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि एखाद्या दिवशी चारनंतर तासाभरात अंधारून येते. नेमक्या याच दिवसांत शेडवर बेदाणा, शेतात काढलेला कांदा आणि उघड्यावर कडब्याची गंज असते. आज जिल्ह्यात धोका आहे का, हे हवामान विभागाचा अंदाज सांगतो. ढग तुमच्या शिवारावर येतो आहे का, हे शेवटच्या एक-दोन तासांत आभाळ पाहून समजते. म्हणून दोन्ही वाचता आले पाहिजे.

वळवाचा पाऊस कसा तयार होतो?

जमीन तापली की हवा हलकी होऊन वर चढते. पण नुसत्या उष्णतेने पाऊस पडत नाही, त्यासाठी बाष्प लागते. ते अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून येते. अंदाजात ‘विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ असे शब्द असतील, तर बाष्पयुक्त वारे आपल्या भागात पोहोचत आहेत असे समजा. कोरड्या उन्हाऐवजी अंगाला चिकटणारा उकाडा जाणवू लागणे, ही त्याचीच खूण.

अंदाजातील शब्दांचा अर्थ

- तुरळक ठिकाणी : जिल्ह्यातील २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस. तुमचे गाव कोरडे राहिले म्हणून अंदाज चुकला असे होत नाही.
- काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के ठिकाणी.
- हलका पाऊस : २४ तासांत साधारण २.५ ते १५.५ मिमी. मध्यम : १५.६ ते ६४.४ मिमी.
- पिवळा इशारा : लक्ष ठेवा. नारंगी : तयारीत राहा. लाल : तातडीने कृती करा.
- ढगाळपणा (ऑक्टा) : आभाळाचे आठ भाग मानून त्यांपैकी किती झाकले आहेत तो आकडा. ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे पूर्ण ढगाळ. आकडा मोठा असला तरी पाऊस पडेलच असे नाही.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवर पाहता येतो. वादळाची शक्यता असलेल्या दिवशी हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा इशाराही दुपारनंतर पुन्हा पाहा.

ढग कसे ओळखावेत?

तंतुमेघ (सिरस) : खूप उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे. हे बर्फाच्या कणांचे असतात. त्यांच्यापासून शेतात पाऊस पडत नाही, कामे चालू ठेवा.

मध्यम उंचीवरचे पुंजके (अल्टोक्युम्युलस) : लहान गोळ्यांच्या रांगा. सकाळीच या गोळ्यांतून बुरुजासारखी टोके वर आलेली दिसली, तर वरची हवा अस्थिर आहे. अशा दिवशी दुपारी गडगडाटाची शक्यता वाढते.

पुंजमेघ (क्युम्युलस) : सपाट बूड आणि फुलकोबीसारखा माथा. रुंदीपेक्षा उंची कमी असेल तर तो निरुपद्रवी असतो, संध्याकाळी विरून जातो. तोच ढग पाहता पाहता उंच वाढू लागला तर सावध व्हा.

गर्जनमेघ (क्युम्युलोनिम्बस) : बूड काळेभोर, उंची डोंगरासारखी आणि माथा ऐरणीसारखा पसरलेला. विजा, गारा आणि सोसाट्याचा वारा यातूनच येतो. माथ्याची फुलकोबीसारखी कडा धूसर, तंतुमय झाली म्हणजे ढग पूर्ण तयार झाला.

काही वेळा ढगाखाली पावसाच्या रेघा लोंबताना दिसतात, पण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. आपल्याकडील कोरड्या हवेत थेंब वाटेतच आटतात. मात्र त्यामुळे गार झालेली हवा वेगाने खाली कोसळते. पाऊस नसला तरी ताडपत्री, शेडनेट आणि घडांनी लगडलेली केळी आडवी होऊ शकतात.

जुळे सोलापुरात राहून शेती पाहत असाल तर

शेत मंद्रूपच्या बाजूला, सुमारे २० किमीवर असेल, तर तिथली वीज तुम्हाला दिसेल पण गडगडाट बहुधा ऐकू येणार नाही, कारण तो साधारण १५ किमीपलीकडे पोहोचत नाही. उंच गर्जनमेघाचा माथा गच्चीवरून ५० किमीवरूनही दिसतो. त्यामुळे ‘इथे आवाज नाही’ किंवा ‘ढग जवळच दिसतोय’ यावर निर्णय घेऊ नका. ‘दामिनी’ ॲपवर विजांची जागा पाहा आणि शेतावरच्या माणसाला फोन करून ढग कोणत्या दिशेला सरकतो आहे ते विचारा.

कोणत्या वेळी काय करावे?

- आदल्या दिवशी इशारा असेल : कांदा काढणी पुढे ढकला. काढलेला कांदा गोळा करून झाका. बेदाणा शेडच्या बाजूंना ताडपत्री बांधून ठेवा.
- सकाळी बुरुजासारखे ढग दिसले : फवारणी व विद्राव्य खते थांबवा. कडब्याची गंज झाकून दोर ताणा.
- दुपारी पुंजमेघ उंच वाढू लागले : जनावरे झाडाखालून सोडवून गोठ्यात आणा. उघड्यावरची कामे आवरती घ्या.
- पाऊस होऊन गेल्यावर : डाळिंब बागेत तेलकट डागासाठी झाडांची पाहणी करा. भिजलेला कांदा चाळीत भरू नका.

वीज : माल नंतर, माणूस आधी

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किमी. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर ताडपत्री अर्धवट सोडून पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जा. झाड, उघडे पत्र्याचे शेड, तारेचे कुंपण, विहीर आणि मोटारीचा स्टार्टर यांपासून दूर राहा. आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबूनच पुन्हा शेतात जा. पाऊस उघडला तरी ढग जवळ असेपर्यंत वीज पडू शकते.